बिनतुऱ्याचा ऊस

उसाला तुरे आले की आमच्या कुंडलच्या रस्त्याला गाड्या थांबायला लागतात. लग्न ठरलेली जोडपी उतरतात. मुलगी गुलाबी झग्याचा घेर सावरत बांधावर चढते, मुलगा मागून तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवतो, आणि फोटोग्राफर खालून ओरडतो, "मागचं ते पांढरं पांढरं येऊ दे सगळं!" संध्याकाळचं ऊन तुऱ्यांतून आरपार येतं आणि अख्खं रान चंदेरी होऊन जातं. सुंदर दिसतं, मी नाही म्हणत नाही. पण माझं डोकं फिरतं. गाडी थांबवून त्या मुलीला विचारावंसं वाटतं, बाई गं, तू कशासमोर उभी राहून हसतीयेस, ठाऊक आहे का तुला? आणि मग आठवतं की हा प्रश्न एकदा मलाच विचारला गेला होता. ती बिचारी पुण्याची असेल, तिला माफ आहे. मी तर उसातच वाढलेली.

मी सिनेमात काम करते. असं म्हटलं की समोरचा माणूस आधी माझा चेहरा नीट बघून घेतो आणि मग विचारतो, "कशात दिसलीस?" मी दिसत नाही. हिरो कड्यावरून उडी मारतो तेव्हा त्याच्या कमरेला बांधलेली तार मी पुसते. जुन्या काळातल्या गावावरून मोबाईलचा टॉवर काढून टाकते. हिरव्या पडद्यासमोर उभ्या असलेल्या माणसांच्या मागे नदी, डोंगर, लढाई, जे काही लागेल ते आणून ठेवते. एका सेकंदाला चोवीस चित्रं असतात. नटीचा एक मोकळा केस वाऱ्यावर उडत असेल तर तो चोवीस वेळा, हाताने, कडेकडेने कापावा लागतो. हे सगळं सांगून झालं की समोरचा म्हणतो, "म्हणजे कार्टून." पूर्वी मी समजावत बसायचे. आता म्हणते, व्हय, कार्टून.

आमच्याकडे मुलगी नर्स झाली, पोलीस भरतीत लागली, शिक्षिका झाली की गावाला ते काम समजतं. माझ्या कामाला गणवेश नाही आणि वेळही नाही. शेजारच्या काकू आईला विचारायच्या, "वैशू अजून कॉम्प्युटर शिकतीच हाय व्हय?" मुंबईत पाच वर्षं काम करून झाल्यावरही मी गावाच्या हिशेबी शिकतच होते. आबा, म्हणजे माझे वडील, चारचौघांत माझ्याबद्दल एवढंच सांगत, "ती कॉम्प्युटरवर असती." गाईबद्दल ती गोठ्यात असते असं सांगावं तसं.

आबांनी आर्मीत ट्रक चालवले. हवालदार म्हणून रिटायर होऊन आले आणि तीन एकर उसात उतरले. सकाळी सहाला दाढी, साडेसहाला रान. उसाला पाणी पाजायला, सरीत दारं धरायला गेले तरी शर्टाची इस्त्री मोडायची नाही. माझ्या स्क्रीनकडे त्यांनी कधी वळून पाहिलं नव्हतं. राग होता असं नाही, त्यात बघण्यासारखं काही असेल असं त्यांना वाटतच नव्हतं.

मुंबईच्या स्टुडिओत आम्ही साठ-सत्तर जण एका लांबलचक हॉलमध्ये बसायचो. काळे पडदे, गार हवा, आणि प्रत्येकाच्या तोंडावर स्क्रीनचा उजेड. बाहेर ऊन आहे की पाऊस, ते चहाला खाली उतरल्यावर कळायचं. मग ते सगळं जग बंद पडण्याचे दिवस आले आणि आम्हाला मशीन देऊन घरी पाठवलं गेलं. मी कुंडलला आले. खताची पोती ठेवायची खोली रिकामी केली, धुऊन काढली, तरी युरियाचा वास काही गेला नाही. खिडकीतून समोर शेजाऱ्यांचा ऊस, त्याच्यापुढे आमचा. आई चटणीला मिक्सर लावायची तेव्हा दिवा मिणमिणायचा आणि माझा जीव वर यायचा. तरी दीड वर्ष मी तिथून काम केलं, आणि एकदाही उशीर केला नाही.

पुढे सगळं सुरळीत झालं आणि स्टुडिओचं पत्र आलं, परत या. माझं परत जायचं मन नव्हतं. का, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मला नीट सांगता आलं नसतं. आता सांगते. मला खिडकी हवी होती. काम करताना मान वर केली की खरं काहीतरी दिसायला हवं होतं. मी सरांना, म्हणजे आमच्या सुपरवायझरना, फोन करून म्हटलं, "मी इथूनच करते." ते हसले. "अगं, खेड्यात बसून सिनेमा होतो का? तिथे तुला बघायला कोण आहे?" मी हट्टच धरला. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. एक सीन देतो, एकटीने पूर्ण कर. पास झालीस तर राहा तिथेच. नाही झालीस तर त्यानंतरच्या सोमवारी मुंबईत हजर व्हायचं, परत हा विषय नाही." आणि सीन कुठला? उसाचा. मला वाटलं, देवच पावला.

सीन साधा होता. एक नामांकित शेतकरी, पोरीला बघायला आलेल्या पाहुण्यांना बांधावर नेतो आणि हात पसरून आपला ऊस दाखवतो. पाहुणे थक्क होतात. शूटिंग झालं होतं एका आवारात, हिरव्या कापडासमोर. नट हिरव्या फडक्याकडे हात करून अभिमानाने छाती फुगवत होता. त्या फडक्याच्या जागी मी ऊस उभा करायचा.

तो हंगाम माझ्या अंगात अजून आहे. कारखान्याचा भोंगा, हवेत मळीचा आंबूस-गोड वास, रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या आणि त्यांतून सांडलेली कांडी. सकाळच्या धुक्यात ऊसतोड टोळीतल्या बायका डोक्यावर वाढ्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे घेऊन यायच्या, तेव्हा नुसते हिरवे भारेच चालत आल्यासारखे दिसायचे. पाचटाची कुसं स्वेटरमध्ये शिरायची आणि दिवसभर टोचायची. मी टेप घेऊन उसात शिरायचे. पान किती लांब, कुठून वाकतं, मधली शीर किती पांढरी, पेर किती बोटांचं. एक अख्खा ऊस मुळासकट उपटून घरात आणला, वर्तमानपत्रावर आडवा घातला आणि त्याच्या पानापानाचे फोटो काढले. काकूंनी दारातून बघितलं आणि आईला हळूच विचारलं, "बरं हाय न्हवं पोरीचं?"

आठ दिवसांत स्क्रीनवर रान उभं राहिलं. आणि मग एका संध्याकाळी मी मान वर केली. शेजाऱ्यांच्या उसाला तुरा आला होता आणि सूर्य बरोबर त्याच्या मागे होता. मी मोबाईल घेऊन धावले. ते चंदेरी सगळं टिपून आणलं आणि माझ्या रानात दोन-चार तुरे लावून सरांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. सर खुर्चीतून उठलेच. "काय आहे हे! अगं, हेच वाढव! सगळीकडे लाव!" मी सगळीकडे लावले. हजारो तुरे. वाऱ्याबरोबर लाटेसारखे हलणारे. मला वाटलं, जिंकले मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा खोलीत आले. त्यांना फवारणीच्या पंपाचा वायसर हवा होता, तो माझ्या टेबलाच्या खणात पडला होता. खण उघडताना त्यांची नजर वर गेली. वायसर हातात धरून ते तसेच उभे राहिले. खिशातून चष्मा काढला, लावला, आणि वाकून बघायला लागले.

"कुणाचा पलाट हाय ह्यो?"

"सिनेमातला हाय, आबा."

"सिनेमातला असू दे. मालक कुठं गेलाय ह्याचा?"

"मालक न्हवं का ह्यो, बांधावर उभा हाय."

आबांनी त्या छाती फुगवलेल्या नटाकडे बघितलं. "ह्यो? सगळ्या रानाला तुरा आलाय, न्हाई टोळी, न्हाई ट्रॅक्टर, आन ह्यो हात पसरून दावतोय कुणाला? लाज वाटायची सोडून?"

मी हसले. म्हटलं, "आवं आबा, असलं रान कुठंच न्हाई. मी केलंय ह्ये. एकेक पान मी केलंय."

ते माझ्याकडे बघतच राहिले. परत स्क्रीनकडे बघितलं, परत माझ्याकडे. आपल्या पोरीने तीन एकर ऊस खताच्या खोलीत उभा केलाय हे त्यांच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा आवाज चढला. "तू केलास? मग तुरा कशाला आणलास?"

मला माहीत होतं ना! तुरा आला की उसाची वाढ खुंटते, वेळेत तुटला नाही तर आतून दशी पडते, कांडं पोकळ होतं, वजन जातं. चांगला शेतकरी तुरा येणारं बेणंच लावत नाही, आणि आलाच तर पाहुण्यांना दाखवायच्या आधी टोळी गाठतो. हे मी पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधीपासून ऐकत आले होते. आमच्यात कुणाच्या उसाला तुरा दिसला की माणसं बांधावरून जाताना आवाज खाली आणून बोलतात. आणि मी, कुंडलची, हवालदाराची पोरगी, एका अभिमानी माणसाच्या रानाला हजार तुरे लावून बसले होते, का, तर मुंबईच्या माणसाला ते चंदेरी दिसलं म्हणून. कॅमेऱ्यातून बघायला लागल्यापासून मला तुरा दिसायचा, ऊस दिसायचा बंद झाला होता. त्या दिवशी मला माझीच जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नाही.

पण त्याच वेळी आत कुठंतरी उकळ्याही फुटत होत्या. आबा चिडले होते. खोट्या रानावर कोण चिडतं?

दुसऱ्या दिवशी सहाला त्यांनी मला उठवलं. "चल. बूट घाल." मला घेऊन ते आमच्या उसात फिरले. "बांधाकडंचा ऊस बघ, जाड असतोय, उजेड गावतो त्याला. मधला उंच. तुझा सगळा एकसारखा हाय." "पानाचा रंग बघ, काळपट हिरवा पायजे. तुझा पोपटी हाय, ते पोपटी म्हंजी अंगात काय न्हाई." घरी येऊन माझ्या मागे खुर्ची टाकून बसले. "सरळ लाईनीत उभा केलायस, परेडला आणल्यागत. वजनदार ऊस असा ऱ्हात न्हाई गं. जरा कलतो. पोटुशी बाई कशी चालती, तसा." दोन दिवस ते तिथून हलले नाहीत. आईने चहा तिथंच आणून दिला. पंचवीस वर्षं आर्मीत आणि पंधरा वर्षं शेतात जे जमवलं होतं ते सगळं त्यांनी माझ्या रानात ओतलं. मी एकेक तुरा काढला. ऊस थोडा कलता केला, बांधाकडं जाड केला, काळपट केला. संध्याकाळी आबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आता दाव म्हणावं कुणालाबी."

मी सरांना दाखवला. आबा मागेच बसले होते, कॅमेऱ्यात न येता.

"तुरे कुठे गेले?" सरांनी विचारलं.

मी समजावलं. तुरा म्हणजे काय, ह्या माणसाच्या रानात तो का असू शकत नाही, सगळं. आजवर कुठल्या शॉटबद्दल मी इतकं बोलले नव्हते. सर ऐकत होते की घड्याळ बघत होते, कोण जाणे.

"प्रेक्षकांना काय कळतंय त्यातलं?"

"सर, आमच्याकडं बालवाडीतल्या पोराला कळतं."

"अगं, तुमच्याकडच्यांसाठी सिनेमा करतोय का आपण?"

बस. तिथं माझं डोकं सटकलं. सिनेमात ऊस आमचा, बांध आमचा, फेटा आमचा, बोलणं आमच्यासारखं, पोरगी बघायला येणं आमचं, आणि बघणारे तेवढे आम्ही नाही. मी म्हटलं, "सर, तुरा लावला तर हा माणूस येडा दिसतो. तुमच्या सिनेमातलाच माणूस आहे. मी त्याला येडा करणार नाही."

"संध्याकाळपर्यंत तुरे परत लाव," ते म्हणाले, "नाहीतर सोमवारी मुंबईला ये. ठरलंय आपलं."

मी बिनतुऱ्याचा शॉट पाठवून दिला. सोबत चार ओळी लिहिल्या: तुरे हवे असतील तर ते दुसऱ्या कुणाच्या हातून लावून घ्यावेत, माझ्याने होणार नाही, आणि सोमवारी मी येणार नाही. नोकरीत असं वागायचं नसतं, हे मला कळतं. माझ्याकडे कुणी असं वागलं तर मी चिडेन. पण ती चार वाक्यं मी आजही तशीच लिहीन, एक शब्द न बदलता.

आबांना वाचून दाखवलं. मला वाटलं पाठ थोपटतील. ते गंभीर झाले. "ऑर्डर मोडलीस तू," म्हणाले. "आर्मीत असतीस तर आत टाकली असती." मग उठता उठता म्हणाले, "जेवून घे. आन सोमवारी मशीन त्यांचं त्यांना धाडून दे, नीट पॅक करून. त्यात खोट काढायला जागा ठिवू नको."

मशीन मी इतकं नीट पॅक केलं की त्यात आमच्या घरातलं कोरं पोतं गेलं. खताच्या खोलीत टेबलावर चौकोनी रिकामी जागा राहिली. काकू आईला म्हणाल्या, "सुटलं वाटतं कॉम्प्युटर." त्या दिवसांत कारखान्याचा भोंगा वाजला की मला तो माझ्यावरच हसतोय असं वाटायचं. आमचा ऊस तुटला. आबा वजनाची पावती घेऊन आले ती पहिल्यांदा माझ्या हातात दिली, कधी देत नसत. त्यावरचा आकडा बघून मी म्हटलं, "चांगलं हाय की." ते म्हणाले, "तुझाबी तेवढाच भरला असता."

आता मी मलकापुरात बसते, माझ्या स्वतःच्या छोट्या स्टुडिओत. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. आम्ही सहा जण आहोत. एक फलटणची आहे, तिचे वडील कारखान्यात बॉयलरवर आहेत. धूर करायचा असला की तो शॉट तिच्याकडेच जातो, कारण धुराचा रंग बघून आत काय जळतंय ते ती सांगते. मुंबईहून कामं येतात, परदेशातूनही येतात. पाठवणाऱ्यांना आम्ही कुठं बसतो ते माहीत नसतं. मी ते मुद्दाम सांगते. पहिल्याच बोलण्यात सांगते, आम्ही कराडशेजारच्या मलकापूरचे. पलीकडे जरा शांतता पसरते, ती मला फार आवडते. खालून हातोड्याचा आवाज येत असतो, तो मी बंद करायला लावत नाही. आणि आमच्या दोन्ही खोल्यांना खिडक्या आहेत.

काल आबांचा फोन आला होता. "खालच्या पट्टीत तुरा दिसतोय यंदा. उद्याच टोळी येती. त्याच्या आदी येऊन फोटू काढून ने, कवातरी लागंल." फोन ठेवता ठेवता म्हणाले, "पर लावायचा कुठं, ते इचारून लाव."

तो सिनेमा, मी मशीन परत धाडलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात लागला होता. मी बघणार नव्हते. आबाच म्हणाले, "जायचं." इस्त्रीचा शर्ट घालून, आईला घेऊन, आम्ही तिघं कराडला गेलो. थेटर निम्मं भरलं होतं. तो सीन आला. नट बांधावर चढला, हात पसरले, आणि अख्खा पडदा पांढराशुभ्र झाला. सगळीकडे तुरे. कुणीतरी परत लावले होते, माझ्यापेक्षा जास्त लावले होते. पुढच्या रांगेतून एक जण खुसखुसला, "ह्याची तोड चुकली वाटतं." चार-पाच जण हसले, मग अख्खी रांग हसली. पाहुणे पडद्यावर थक्क होत होते आणि कराडचं थेटर हसत होतं. आणि आबा उभे राहिले. अंधारात, परेडवरच्या आवाजात म्हणाले, "ह्यो ऊस आमच्या पोरीचा न्हाई! तिनं बिनतुऱ्याचा केला हुता!"

माणसं वळून बघायला लागली. आईने त्यांचा शर्ट ओढला. मागून कुणीतरी विचारलं, "कुठलं तुमी?" "कुंडल!" आबांनी सांगितलं आणि बसले. त्या क्षणी मला कुणी हात धरून मुंबईत नेऊन मोठ्या खुर्चीवर बसवलं असतं तरी मी त्या थेटरातून उठले नसते.

सिनेमा संपला. लोक उठले, दिवे लागले, झाडूवाल्या बाई आत आल्या. पडद्यावर नावं सरकत होती, बारीक इंग्रजी अक्षरांत, शेकडो. आबा चष्मा लावून बसून राहिले. ओठ हलवत एकेक नाव वाचत होते. मी म्हटलं, "आबा, न्हाई माझं." त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. शेवटची ओळ वर गेली, पडदा कोरा झाला, तेव्हा त्यांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला.

"न्हाई तुझं," म्हणाले.

"न्हाईच, आबा."

"बरं झालं. असल्या रानावर आपलं नाव नकोच."